ट्रकच्या टाकीत बाटली ओतावी का? : इंधनातल्या 'क्लीनर'चा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ आमच्यापाशी आले. त्यांचे दोन ट्रक आहेत, कांद्याची वाहतूक करतात. त्यांनी मोबाइलवर एका बाटलीचा फोटो दाखवला आणि विचारलं, "सर, ही डिझेलच्या टाकीत ओतली की इंजिन आतून साफ होतं, अ‍ॅव्हरेज वाढतं, असं म्हणतात. ड्रायव्हर मागे लागलाय. टाकू का?"

आम्ही इतिहास सांगणारी माणसं, मेकॅनिक नव्हे. त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तो काही आजचा नाही. बाटलीवरचा मजकूर खरा की खोटा, हे कुणी ठरवायचं, यावरून अमेरिकेत एका सरकारी प्रयोगशाळेच्या प्रमुखाला घरी पाठवायची वेळ आली होती. म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवून आपण हाच प्रश्न घेऊ.

आधी हे बघू, की साफ करायचं म्हणजे नेमकं काय साफ करायचं.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडायचा. सगळी गोम त्या फवाऱ्यात आहे. रुडॉल्फ डिझेल यांचं ऑग्सबर्गमधलं इंजिन १८९७ साली यशस्वी झालं, तेव्हा इंधन आत ढकलायला दाबलेली हवा वापरत. त्यासाठी वेगळा जडशीळ कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात किंवा जहाजावर ते चालून गेलं, ट्रकवर कसं चालणार? बेंझ आणि एम.ए.एन. या जर्मन कंपन्यांचे डिझेल ट्रक १९२३-२४ मध्ये आले. पण डिझेल ट्रक खऱ्या अर्थाने रस्त्यावर आला तो रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ साली इंजेक्शन पंपांचं नियमित उत्पादन सुरू झालं तेव्हा. या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस त्यापुढे दोरखंड वाटेल.

आपल्याकडे हेच तंत्र आलं. १९५१ साली बंगळुरूत मायको सुरू झाली, १९५४ साली टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले. पुढे मायकोच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल बनू लागले. 'पंप-नोझल' हा जोडशब्द आपल्या हमरस्त्यांवरच्या गॅरेजांच्या पाट्यांवर तेव्हापासून आहे.

आता या नोझलचं टोक असतं थेट जळत्या जागेत. फवारा संपल्यावर टोकाशी जो थेंब राहतो, तो तिथेच शिजतो. दुधाच्या पातेल्याचा तळ करपतो ना, तसं. थरावर थर बसतो, भोक अरुंद होतं, फवाऱ्याची पिचकारी होते. मग काळा धूर, पिकअप नाही, अ‍ॅव्हरेज घसरलं. जुना इलाज सरळ होता : नोझल काढा, हाताने दाबायच्या टेस्टरवर लावा, फवारा डोळ्यांनी बघा, पितळी ब्रशने साफ करा, प्रेशर लावून परत बसवा. यात गाडी उभी राहते. आणि गाडी उभी राहिली की भाडं बुडतं, हप्ता मात्र थांबत नाही. बाटलीचं सगळं आकर्षण इथे आहे. काही उघडायचं नाही, गाडी उभी करायची नाही. ओता आणि चला.

यात रसायनशास्त्र खोटं नाही, हे आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये डिटर्जंट मिसळू लागले, ते कार्ब्युरेटर स्वच्छ राहावा म्हणून. तत्त्व आपल्या धुण्याच्या साबणाचंच. रेणूचं एक टोक मळाला किंवा धातूला चिकटतं, दुसरी लांब शेपटी तेलात विरघळते. मळ सुटतो, किंवा मुळात बसतच नाही. हे प्रयोगशाळेत दिसतं, इंजिनातही दिसतं. मग भांडण कशाचं? भांडण आहे पुराव्याचं.

याचं पहिलं मोठं प्रकरण इंधनाचं नव्हे, बॅटरीचं आहे, पण ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कॅलिफोर्नियातल्या जेस रिची नावाच्या माणसाने 'एडी-एक्स-२' नावाची पावडर बाजारात आणली. मरत आलेल्या बॅटरीत टाका, बॅटरी जगते, असा दावा. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने तपासलं आणि सांगितलं, यात सोडियम आणि मॅग्नेशियमचे सल्फेट क्षार आहेत, उपयोग काही नाही. रिची गप्प बसला नाही. वापरणाऱ्यांची पत्रं त्याच्याकडे होती, लोकप्रतिनिधी त्याच्या बाजूने होते. १९५३ साली नवे वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांनी ब्यूरोचे संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांचा राजीनामाच मागितला. ब्यूरोने बाजाराचा कौल पुरेसा लक्षात घेतला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. शास्त्रज्ञ खवळले, वर्तमानपत्रं उठली, आणि अ‍ॅस्टिन यांना पुन्हा पदावर घ्यावं लागलं. त्याच वर्षी नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने ब्यूरोचाच निष्कर्ष उचलून धरला.

आता ती पत्रं लिहिणारे सगळे खोटारडे होते का? आम्हाला तसं वाटत नाही. इथेच आपल्या ड्रायव्हरदादांचा प्रश्न येतो. बाटली टाकल्यावर "गाडी हलकी झाली" असं ड्रायव्हर सांगतो तेव्हा तो थापा मारत नसतो. पण ज्या दिवशी बाटली टाकली, त्याच आठवड्यात फिल्टरही बदललेला असतो. जाताना कांदा भरलेला, येताना अर्धी गाडी रिकामी. कसारा घाट चढणं वेगळं आणि उतरणं वेगळं. टायरची हवा, उलटा वारा, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ड्रायव्हरचा पाय. ज्याला अ‍ॅव्हरेज वाढलेलं बघायचंय, तो नकळत हलक्या पायाने चालवतो. एका खेपेत आणि दुसऱ्या खेपेत जो फरक आपोआप पडतो, तो बाटलीवर लिहिलेल्या फायद्यापेक्षा मोठा असू शकतो. मग एका ट्रकच्या दोन खेपांवरून काय ठरणार?

दुसरं प्रकरण थेट इंधनाचं, आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात शिकवून जाणारं. १९७० साली स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीने शेव्हरॉन पेट्रोलमध्ये 'एफ-३१०' नावाचं नवं द्रव्य आणलं. जाहिरातीत माजी अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर होते. गाडीच्या धुराड्याला पारदर्शक फुगा लावलेला. आधी फुगा काळ्या धुराने भरतो. मग एफ-३१० च्या सहा टाक्या जाळल्यावर त्याच गाडीचा फुगा स्वच्छ, आरपार दिसणारा. बघणाऱ्याला आणखी काय हवं?

फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली तेव्हा फुग्याची गंमत बाहेर आली. पहिल्या फेरीत गाडी बाजारातल्या साध्या पेट्रोलवर चाललेलीच नव्हती. इंजिन लवकर घाण व्हावं म्हणून मुद्दाम बनवलेलं इंधन तिला पाजलं होतं. म्हणजे काळा फुगा तुमच्या-आमच्या गाडीचा नव्हता. आणि स्वच्छ फुग्याचं काय? कार्बन मोनॉक्साइड दिसतो का डोळ्यांना? फुगा आरपार दिसला म्हणजे आतली हवा शुद्ध झाली, असं होत नाही. खटला वर्षानुवर्षं चालला. १९७८ साली अपील न्यायालयाने कंपनीवरचा आदेश काहीसा आखडता केला, पण जाहिरात दिशाभूल करणारी होती हा ठपका कायम ठेवला.

पण थांबा. यातून "एफ-३१० म्हणजे फसवणूक" असं लिहून घेतलं असेल तर खोडा. ते द्रव्य पॉलिब्युटिन अमाइन या जातीचं होतं, आणि त्या कुळातली डिटर्जंट पुढे पेट्रोलमध्ये सर्रास वापरली गेली. ती काम करतात. अमेरिकेने तर १९९५ पासून सगळ्याच पेट्रोलमध्ये डिटर्जंट असलंच पाहिजे असा नियम केला. द्रव्य खरं आणि फुगा खोटा, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. हे एकदा ध्यानात आलं की बाजारातल्या बाटल्यांकडे बघायची नजर बदलते.

फुग्यात न दिसणाऱ्या गोष्टींवरून आठवलं. इंधनात मिसळलेलं सगळ्यात 'यशस्वी' द्रव्य कोणतं? शिसं. थॉमस मिजली यांनी १९२१ साली शोधलेल्या टेट्राएथिल लेडने इंजिनाचा ठोका खरोखर बंद केला. दाव्यात खोट नव्हती. पण ते शिसं जगभरच्या मुलांच्या रक्तात गेलं, आणि भारतात शिशाचं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, इथेच सोडू.

आता डिझेलकडे परत. ट्रकवाल्यांच्या कामाची खरी गोष्ट स्वीडनमध्ये घडली. १९९१ साली स्वीडनने करात सवलत देऊन जवळजवळ गंधकमुक्त डिझेल आणलं. दहा लाख भागांत जेमतेम दहा भाग गंधक. हवा सुधारली, आणि पाठोपाठ इंजेक्शन पंप झिजून बंद पडू लागले. कारण काय? पंपातल्या त्या मायक्रॉनच्या फटीत वंगण म्हणून डिझेलच काम करतं. रिफायनरीत गंधक काढताना डिझेलमधले वंगणाचं काम करणारे सूक्ष्म घटकही निघून गेले होते. इलाज निघाला तो द्रव्य मिसळण्याचाच. पण ते ट्रकवाल्याच्या हातात बाटली देऊन मिसळलं नाही. रिफायनरीने, मोजून, डिझेल पंपावर पोचायच्या आत मिसळलं. त्यासाठी चाचणी ठरली : डिझेलमध्ये बुडवलेली पोलादी गोळी चकतीवर घासायची आणि झिजेचा डाग मोजायचा. तो ४६० मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. ही अट युरोपच्या मानकात गेली, आपल्या आयएस १४६० मध्येही आली.

म्हणजे आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर जे बीएस-६ डिझेल मिळतं, दहा पीपीएम गंधकाचं, त्यात पंप वाचवणाऱ्या वंगणाचा हिशेब आधीच झालेला आहे. टाकीत थोडं टू-टी ऑइल ओतणारी जुनी मंडळी आम्हाला माहीत आहेत. त्यांना ते कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगितलेलं असतं. ज्या दुखण्यावर ते औषध होतं, ते दुखणं रिफायनरीने आधीच हाताळलंय. उलट आताच्या गाडीत ते तेल जळून त्याची राख सायलेन्सरजवळच्या फिल्टरमध्ये जाऊन बसेल.

पण मग प्रश्न असा, की रिफायनरीत सगळं मोजून घालतात तर आपल्याकडे ट्रकवाला बाटलीकडे वळतो का? भोळा म्हणून? नाही. आपल्याकडे त्याच्या संशयाला कारण होतं, आणि ते विसरून या विषयावर बोलणं अन्यायाचं होईल.

रेशनचं रॉकेल सरकार स्वस्तात देई, डिझेल महाग. दोन्ही एकमेकांत सहज मिसळतात. एवढी तफावत असली की काय होणार हे सांगायला नको. रॉकेल पातळ, वंगणाला कमी. पंप झिजतो, नोझल बिघडतं, आणि भुर्दंड भरतो ट्रकवाला. सरकारने रॉकेलला निळा रंग दिला, २००६ मध्ये भेसळ ओळखायला त्यात मार्कर मिसळायची योजना आणली, तीही फार टिकली नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी इथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी टँकरमधून इंधन काढण्याचा प्रकार रंगेहाथ पकडला, तेव्हा त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आलं. राज्यभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं होतं, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आमचे ते कांदेवाले गृहस्थ त्याच रस्त्याने माल नेतात. तेव्हा "पंपावरच्या डिझेलवर भरवसा ठेवा" असं त्यांना टेबलामागून सांगणं आम्हाला जड जातं.

तरीही सांगायला हवं की बाटली हा त्या संशयावरचा इलाज नव्हता. डिटर्जंट कार्बन सोडवू शकतो; रॉकेलचं डिझेल करू शकत नाही. टाकीत पाणी असेल तर ते काढू शकत नाही. झिजलेलं भोक भरू शकत नाही, गळणारी सुई बसवू शकत नाही. भेसळीने जे नुकसान होतं ते झिजेचं, आणि बाटली विकली जाते मळावर. दुखणं पोटात आणि मलम पायाला, असला प्रकार.

साधारण २००२ पासून सरकारी तेल कंपन्यांनी 'स्पीड', 'पॉवर', 'एक्स्ट्रामाइल' अशा नावांनी डिटर्जंट मिसळलेलं इंधन पंपावरच विकायला सुरुवात केली. आम्हाला ती कल्पना बाटलीपेक्षा बरी वाटते, कारण प्रमाण ठरलेलं असतं आणि जबाबदार कोण ते माहीत असतं. पण लिटरमागे जादा पैसे म्हटल्यावर भाड्याच्या ट्रकवाल्याने ते घ्यावं कशाला, आणि फार जणांनी घेतलंही नाही.

दरम्यान इंजिनच बदललं. १९९५ नंतर जपानच्या हिनो ट्रकपासून कॉमन रेल पद्धत आली आणि पसरली. दाब आता हजार बारच्या पार, पुढे दोन हजारच्या घरात. नोझलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. इथे मळ फक्त टोकाला बसत नाही, इंजेक्टरच्या आतल्या सुईवरही बसतो. गेल्या दीड-दोन दशकांत संशोधकांना एक विचित्र गोष्ट आढळली. आतल्या त्या चिकट थरांपैकी काही थर खुद्द डिटर्जंटमुळेच तयार होत होते. डिझेलमध्ये जे डिटर्जंट सर्रास वापरतात, पॉलिआयसोब्युटिलिन सक्सिनिमाइड, त्यातले काही हलके रेणू इंधनातल्या आम्लांशी संयोग पावून लाखेसारखा लेप धरत होते. दोन चांगली द्रव्यं, एकत्र आल्यावर वाईट. टाकीत आधीच रिफायनरीची तीन-चार द्रव्यं असताना आपण वरून पाचवं ओततो, त्याची त्यांच्याशी कुंडली जुळवून कुणी पाहिलेली असते का?

आणि आता फुग्याकडे पुन्हा एकदा. डिझेलचे डिटर्जंट तपासण्यासाठी युरोपात २००८ च्या सुमारास जी इंजिन चाचणी ठरली, तिच्यात इंजेक्टर लवकर घाण व्हावेत म्हणून डिझेलमध्ये मुद्दाम जस्त मिसळतात, दहा लाखात एक भाग. यात लबाडी काही नाही, ते उघड लिहिलेलं असतं आणि तुलना करायला तसं करावंच लागतं. पण "गेलेली शक्ती परत मिळाली" असं बाटलीवर छापलं असेल, तर ती शक्ती जस्ताने घालवलेली असू शकते. तुमच्या ट्रकची तेवढी गेली होती का, हे त्या चाचणीला माहीत नसतं.

तर त्या गृहस्थांना आम्ही आता काय सांगू?

त्यांचा एक ट्रक जुना आहे, साध्या पंपाचा. काळा धूर येतो म्हणाले. त्यांनी आधी नोझल काढून टेस्टरवर बघावेत. फवारा फुटका निघाला, आणि कारण फक्त कार्बन असेल, तर नामांकित डिटर्जंटची एखादी बाटली, लिहिलेल्या प्रमाणात, वापरून बघायला हरकत नाही. पण गाडी तोवर उघडलेलीच असते, आणि मेकॅनिक ते नोझल तिथल्या तिथे साफ करून देईल. कारण झीज असेल तर बाटलीचे पैसे नव्या नोझलमध्ये घालावेत.

दुसरा ट्रक बीएस-६. त्यात काही ओतण्याआधी कंपनीचं पुस्तक उघडावं. बऱ्याच पुस्तकांत बाहेरची द्रव्यं टाकू नका असं असतं, आणि वॉरंटीत इंजेक्टर बिघडला तर पहिला प्रश्न तोच येतो. आजचा इंजेक्टर महागडा आहे. त्याला खरा धोका पाण्याचा आणि कचऱ्याचा. फिल्टर वेळेवर आणि अस्सल घालावा, त्याच्या खालचा पाण्याचा नळ ठरावीक दिवसांनी सोडावा, टाकी रात्रभर रिकामी उभी ठेवू नये, आणि डिझेल शक्यतो एकाच, खपाच्या पंपावर भरावं. पावती ठेवावी. बीएस-६ गाडीला लागणारं 'युरिया' मात्र बाटलीच्या हिशेबात धरू नये. तो गाडीचाच भाग आहे, त्याची टाकी वेगळी, आणि तो चुकून डिझेलच्या टाकीत गेला तर खर्च विचारू नका.

आणि ड्रायव्हरदादांचं मन मोडायचं नसेल, तर एक प्रयोग सुचवतो. तोच रस्ता, तोच भार, त्याच ड्रायव्हरच्या हाती दहा खेपा बाटलीशिवाय, दहा बाटलीसह. प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरून लिटर लिहायचे. बाटली कोणत्या खेपेला टाकली ते ड्रायव्हरला सांगायचं नाही. हे कुणी खरोखर केलं, तर ती वही आम्हाला जरूर दाखवा.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात कधीचा वर आहे.